भातखंड हवाई दलाचे कंट्रोलर

अमीनभाई मुलाणी माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं: "म्याडम, तुमचं कुंपण आमच्या धावपट्टीवर आलंय."

रिह्याच्या खोऱ्यात नुकतीच जमीन घेतलेल्या पुण्याच्या बाईला या वाक्यातली धावपट्टी ऐकूच येत नाही. 'तुमचं कुंपण आमच्या' एवढं कानावर पडलं की ती कागद काढायला धावते. मी तडक घरात गेले, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, सगळं घेऊन आले आणि गेटच्या खांबावर पसरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद सावकाश वाचले, होते तशा घड्या घालून परत दिले. "कागद चोख हायेत," ते म्हणाले. "जमीन तुमचीच हाय. आमी निस्तं वरनं जातो. सकाळच्याला जरा गेट उघडं ठेवत जा, म्हंजे झालं."

माझी सगळी नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली. समोरचा माणूस खोटं बोलतोय, की त्याचं डोकं फिरलंय, हे मला दारातच कळतं असा माझा समज होता. या माणसाचं काहीच कळेना. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, बारीक कातरलेली पांढरी दाढी, आणि आवाज असा की साधं 'बरं हाय' म्हटलं तरी पलीकडच्या वावरातला माणूस वळून बघावा. तो आवाज नोकरीतला होता. तालुक्याच्या बस स्टँडावर ते कंट्रोलर होते. उभा जन्म त्यांनी भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यावरही पुकारणं सुटलं नव्हतं. त्यांच्या पत्नी शमीमभाभी सांगायच्या, भाकरी व्हायला वेळ असला की हे ओट्यापाशी उभे राहून घरातल्यांना जाहीर करतात, "जेवण थोड्या उशिरानं लागंल, प्रवाशांनी गर्दी करू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुतूहलापोटी गेट उघडं ठेवलं. अमीनभाई आले, त्यांच्या मागून एक उंच, रुंद खांद्यांचे म्हातारे गृहस्थ आले. अंगात जुना खाकी गणवेश, सगळी बटणं लावलेली. ते माझ्या गेटाच्या बरोबर मधोमध येऊन उभे राहिले आणि स्टिअरिंगवर ठेवावेत तसे दोन्ही हात छातीसमोर धरून वाट बघू लागले. अमीनभाईंनी घसा साफ केला. "इंद्रायणी, वरचा डेपो, मधले सगळे थांबे. चालक पाडाळे. सोड गाडी."

गृहस्थ निघाले. माझ्या घरापर्यंतच्या मुरमाच्या रस्त्यावरून एका लयीत चालत गेले, फणसाला वळसा घातला, येताना विहिरीपाशी उजवीकडे जरा अंग कलतं केलं आणि पुन्हा गेटावर येऊन थांबले. "डाव्या अंगाला वढतंय," ते म्हणाले. "वर्कशापला सांगतो," अमीनभाई म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं चहा टाकायला आत गेले.

चहा पिऊन गृहस्थ बाकावर डुलक्या घेऊ लागले तेव्हा अमीनभाईंनी मला हकिकत सांगितली. हे दत्तोबा पाडाळे. लाल गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी एकाच स्टँडावर नोकरी केली, एकाच्या तोंडच्या शब्दावर दुसऱ्यानं गाडी सोडली. आता दत्तोबांची आठवण विरत चालली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली हे त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं, मुलाचं नाव कधी सापडायचं, कधी नाही. पण सकाळची पहिली पाळी मात्र अंगात भिनलेली. मुलगा संतोष आणि सून दोघंही हिंजवडीला कामाला. ती दोघं घराबाहेर पडली की हे गणवेश चढवून गाडी शोधायला थेट डांबरी रस्त्यावर. नेऱ्यापासून इथवर नवे टॉवर उठतायत, त्यांच्या खडीचे डंपर त्या रस्त्यावरून जातात ते कुणाच्या बापाला थांबत नाहीत. एकदा एका डंपरवाल्यानं अगदी पायाशी येऊन ब्रेक मारला. त्या दिवशी संतोषनं सांगून टाकलं की असं पुन्हा झालं तर बाबांना शहरातल्या सांभाळ केंद्रात ठेवायचं, तिथे दारं बाहेरून बंद असतात.

"दार बंद केलं तर दत्त्या म्हैन्यात मरंल," अमीनभाई म्हणाले. "त्याला अडवायचं आसंल तर एकच माणूस. कंट्रोलर. ड्रायव्हर कुनाचं ऐकत न्हाई, बायकूचं न्हाई, सायबाचं न्हाई. कंट्रोलरनं सोड म्हणल्याबिगार मातुर गाडी सोडत न्हाई."

सुरुवातीला त्यांनी संप चालू असल्याचं सांगून पाहिलं. ते काही दिवस चाललं. मग एका सकाळी दत्तोबा म्हणाले, संप मिटला, मी रेडिओवर ऐकलं. रेडिओ घरात नव्हताच, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. अमीनभाईंनी वर बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, पाडाळे, तुझी बदली झालीय, हवाई दलात.

"पण हवाई दलच का?" मी विचारलं.

"वर डंपर न्हाईत, म्याडम."

हवाई दल म्हटलं की देश लागतो. भारताचं म्हणावं तर कुणी खोटं ठरवायचं, म्हणून अमीनभाईंनी समोरच्या खाचरांकडे बघून देशाचं नाव भातखंड ठेवलं. एवढ्यावर भागेल असं त्यांना वाटलं होतं. पण दत्तोबांचं डोकं बाकी सगळीकडे रिकामं होत असलं तरी ड्युटीच्या बाबतीत लख्ख होतं. ते रोज नवा प्रश्न घेऊन यायचे आणि रोजच्या उत्तरातून ते दल वाढत गेलं. अमीनभाईंना जगात एकच व्यवस्था माहीत होती, ती म्हणजे स्टँडाची. त्यामुळे भातखंडाचं हवाई दल हा हुबेहूब एक बस डेपो होता, फक्त तो हवेत होता.

विमानांना तांदळाची नावं. इंद्रायणी हे लढाऊ विमान, संख्येनं सगळ्यात जास्त, कारण सगळीकडे तेच पिकतं. आंबेमोहोर मोठं मालवाहू, फार थोडी शिल्लक राहिलेली, आणि यायच्या आधी त्यांचा वास येतो असं दत्तोबा शपथेवर सांगत. जिरेसाळ हे शिकाऊ पायलटांचं बारकं विमान. रायभोग मंत्र्यांसाठी, ते कायम धुऊन पुसून उभं, कारण मंत्री कधी आलेच नाहीत. हेलिकॉप्टरचं नाव कणी. आणि एक विमान कायमचं वर्कशॉपात खोलून ठेवलेलं, त्याचे भाग काढून बाकीच्यांना लावायचे. ते नसेल तर डेपोच चालू शकत नाही, असं अमीनभाईंचं ठाम मत होतं.

प्रत्येक लढाऊ विमानात ड्रायव्हर आणि कंडक्टर अशी दोन माणसं. मला हे काही पटेना. मी इंटरनेटवर वाचून आले होते. मी म्हटलं, लढाऊ विमानात कंडक्टर कशाला? अमीनभाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग घंटी कोन मारनार?" मी मोठ्या हौसेनं स्क्वाड्रन, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन ही सगळी उतरंड समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही मानसं येळंवर येत्यात का?" याचं उत्तर इंटरनेटवर नव्हतं. भातखंडात हुद्दे तीनच राहिले: ड्रायव्हर, कंडक्टर, कंट्रोलर. त्यांच्यावर डेपो मॅनेजर, जे कायम मीटिंगला गेलेले असत.

एकदा दत्तोबांनी विचारलं, "मुलान्या, आपली लढाई कुनाशी हाय?"

अमीनभाई विचारात पडले. दोन्ही देश त्यांनाच तयार करावे लागणार, याचा त्यांना बहुतेक कंटाळा आला असावा. "कुनाशीच न्हाई," ते म्हणाले. "आपलं काम येळंला सुटायचं आन् येळंला परत यायचं. यवढं जरी केलं तरी लोकं भेत्यात."

माझी नेमणूकही अशीच झाली. एका सकाळी दत्तोबा निघता निघता थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "लेडी कंडक्टर का उभी हाय? चढा की." निवृत्त वरिष्ठ अधिकारी असलेली मी इंद्रायणीत कंडक्टर म्हणून रुजू झाले आणि रोज सकाळी त्यांच्या मागोमाग फणसापर्यंत जाऊन येऊ लागले. माझा गुडघा त्यानं सुधारला हे डॉक्टरांना सांगायची सोय नव्हती. मला या दोन म्हाताऱ्यांचा लळा लागला होता. पुण्यात मला कुणी इतक्या विश्वासानं विमानात घेतलं नसतं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना संतोषनं घोळ घातला. मुलगा चांगला, बापावर जीव असलेला. वाढदिवसाला त्यानं दत्तोबांसाठी पांढरी, सोनेरी पट्टीची अधिकाऱ्याची टोपी आणली, ती त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि सलाम ठोकून म्हणाला, "बाबा, आजपासून तुम्ही हवाई दलाचे प्रमुख." सुनेनं फोटो काढले. दत्तोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अमीनभाई तेवढे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वाट लावली. साहेब करून ठेवला. साहेब कुटं कंट्रोलरचं ऐकतो?"

तसंच झालं. दुसऱ्या सकाळी अमीनभाईंनी पुकारलं, "पाडाळे, गाडी लाव." दत्तोबांनी त्यांच्याकडे नजरही वळवली नाही. "आमी तपासनीला चाललोय," म्हणाले, आणि टोपी सारखी करून डांबरी रस्त्याकडे चालू लागले. आम्ही दोघं मागून धावलो. धावलो म्हणजे त्या वयात जे काही होतं ते. पुढून डंपरचा हॉर्न ऐकू येत होता. मी "दत्तोबा, थांबा" म्हणून ओरडले. अमीनभाईंनी मात्र तसा दम लागलेला असतानाही स्टँडावरचा आवाज लावला, पण शब्द बदलून: "साहेब, जीप मागवलीय. साहेबानं पायी जायाचं नसतं."

दत्तोबा जागच्या जागी थांबले. तो मुद्दा त्यांना पटला. रस्त्याकडेच्या दगडावर बसून ते जीपची वाट बघू लागले आणि डंपर धूळ उडवत शेजारून निघून गेला. अमीनभाई कडुलिंबाला टेकून छाती चोळत होते. "जीप कधी यायची?" मी हळूच विचारलं. "सायबाची जीप कधी येती का येळंवर?" ते म्हणाले.

पुढचे काही दिवस दत्तोबा रोज टोपी घालून माझ्या ओट्यावर जीपची वाट बघत बसले. त्यांना सह्या करायला मी जुनी वर्तमानपत्रं दिली. चालणं बंद झालं, जेवण कमी झालं, चेहरा उतरला. शेवटी एका सकाळी त्यांनी टोपी काढून अमीनभाईंपुढे ठेवली. "मुलान्या, मला परत गाडीवर घे. हितं काय कामच न्हाई." अमीनभाईंनी लगेच होकार दिला नाही. साहेबाला ड्रायव्हर करायचं म्हणजे वरची मंजुरी लागते, असं म्हणून ते घराच्या मागे गेले, तिथे उभं राहून एक विडी ओढली आणि परत येऊन सांगितलं, "मंजूर." त्या दिवशी इंद्रायणीनं फणसाच्या तीन फेऱ्या मारल्या.

संतोषला मात्र ती डंपरची सकाळ कळली होती आणि तो हादरला होता. केंद्राशी त्याचं बोलणंही होऊन गेलं होतं. अमीनभाई त्याच्या घरी गेले. काय बोलले ते मला नंतर संतोषनंच सांगितलं: "बाळा, जवर मी पुकारतोय तवर तुझा बाप रस्त्याला जायाचा न्हाई. माझ्यामागं तुला काय करायचं ते कर."

त्या 'माझ्यामागं'ची त्यांना काळजी लागलेली होती, कारण छातीचं दुखणं वाढत चाललं होतं. त्यांनी मला कंट्रोलर म्हणून तयार करायला घेतलं आणि मी अत्यंत नालायक उमेदवार निघाले. "दत्तोबा, कृपया जरा थांबता का?" असं मी म्हणाले की दत्तोबा हसून पुढे चालू लागायचे. अमीनभाई कपाळावर हात मारायचे. "म्याडम, कृपया प्रवाशाला. ड्रायव्हरला न्हाई. ड्रायव्हरला कृपया म्हणलं की त्याला वाटतं, ह्यालाच काय म्हाईत न्हाई." मग आम्ही विहिरीपाशी सराव करायचो. ते म्हणायचे, "पाडाळे, गाडी उभी कर." मी म्हणायचे, "पाडाळे, गाडी उभी करा." "कर." "करा." शमीमभाभी हसून हसून कुंपणाला धरायच्या. मोठ्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ वळेना, आणि अमीनभाईंचं म्हणणं असं की ज्याला आपण अहो म्हणतो तो आपल्याला जबाबदार नसतो.

"उशीर झाला म्हंजे गाडी रद्द न्हाई," ते मला धीर द्यायचे. "जमंल तुमाला. निस्तं घाबरून पुकारू नका."

भात निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या त्या दिवसांत अमीनभाई गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. संध्याकाळी गावकऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि ओढ्यापलीकडच्या कब्रस्तानाकडे नेलं. खांदा द्यायला खोऱ्यातली झाडून सगळी जुनी ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी आली होती. मी शमीमभाभींचा हात धरून त्यांच्या दारात बसून राहिले. मला फार रडू आलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतका गुपचूप जावा हे मला सहन होईना. दत्तोबांना संतोषनं त्या दिवशी घरातच ठेवलं होतं.

कब्रस्तानातून परतताना संतोष माझ्या गेटाशी थांबला. "काकू, चाचा होते तोवर ठीक होतं," तो म्हणाला. "आता मी केंद्रात नाव घालतो. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?" मी त्याला म्हटलं, उद्याची एक सकाळ मला दे. तो कबूल झाला, पण मला म्हणाला की तो स्वतः बघायला येणार.

सकाळी मी गेट उघडलं आणि कडेला उभी राहिले. संतोष ऑफिसची बॅग पाठीला लावून कुंपणापाशी थांबला होता. दत्तोबा आले, सगळी बटणं लावून, गेटाच्या मधोमध उभे राहिले, हात छातीसमोर धरले. मी घसा साफ केला. मनात दहा वेळा घोकलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं: "पाडाळे, गाडी उभी करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे बघितलं. लांबून डंपर येत असल्याचा आवाज होता.

"मुलानी कुटंय?"

सुट्टीवर आहेत, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. आयत्या वेळी ते जमलं नाही. "गेले," मी म्हणाले.

"कंट्रोलर कुटं जात नसतो," दत्तोबा म्हणाले. "लोकं जात्यात. त्यो पाठवतो." त्यांनी हात खाली घेतले. "कंच्या गाडीनं ग्येला?"

"गाडीनं नाही. खांद्यावर नेलं. चालत."

दत्तोबांचा चेहरा एकदम निवळला. "मग बरं झालं," ते म्हणाले. "त्याला गाडी लागती. फाट्यापोतर बसला तरी वकतो. म्हनून तर कंट्रोलर झाला त्यो."

मी संतोषकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. अमीनचाचांसमोर लहानाचा मोठा झाला तरी ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. तालुक्याला चाललेच आहे तर सोडते, असं मी कितीदा तरी गाडीची काच खाली करून अमीनभाईंना विचारलं होतं आणि दर वेळी ते 'तेवढेच पाय मोकळे हुत्यात' म्हणून उन्हातून चालत गेले होते.

दत्तोबा सावकाश बाकाकडे गेले. बसताना त्यांनी माझ्यासाठीही जागा ठेवली.

"म्हंजे येतानाबी चालतच यील," ते म्हणाले. "येळ लागंल त्याला. त्यो आल्याबिगार गाडी हलवायची न्हाई."

डंपर रस्त्यावरून निघून गेला. दत्तोबांनी तिकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. संतोषनं पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली आणि डोळे पुसले. मी बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून दत्तोबा रोज सकाळी येतात, त्या बाकावर बसून कंट्रोलरची वाट बघतात, आणि भातखंडातलं एकही विमान जागचं हललेलं नाही.